निळ्या पायांचा अहवाल

झोपलेल्या माणसाला मी उठवलं नाही. चूक एवढीच. तिच्यापायी नऊ वर्षांची एक मुलगी पाच महिने आईपासून लांब राहिली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो आणि सोलापूरच्या रिमांड होममध्ये प्रोबेशन ऑफिसर म्हणून लागून मला सात महिने झाले होते. माझ्या घरमालकीणबाई शेजारणींना माझी ओळख 'पोरं धरतात ते' अशी करून द्यायच्या. खरं सांगायचं तर माझ्या नेमणुकीच्या पत्रापेक्षा ती जास्त स्पष्ट होती. पोलिसांना सापडलेली, हरवलेली, घरातून पळालेली मुलं आमच्याकडे यायची. मी सायकलवर टांग टाकून त्यांच्या घरी जायचं, घर बघायचं, चार माणसांना विचारायचं आणि बालन्यायालयाला लिहून द्यायचं, की मूल घरी सोडावं का संस्थेत ठेवावं. निकाल न्यायाधीशसाहेब द्यायचे, पण ते घर त्यांनी कधी बघितलेलं नसायचं. ते माझ्या चष्म्यातून बघायचे.

चष्मा नवा होता. माझं गाव कोकणपट्टीतलं. भोंगा म्हणजे मला आगबोटीचा माहीत. सोलापुरात आल्यावर गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायला शिकलो, आणि तेवढ्यावर आपण सोलापूरकर झालो असं धरून चाललो.

मुलगी होटगीला सापडली. सोलापुरात दुपारच्या गाडीत चढून एकटीच खिडकीशी बसली होती. तिकीट तपासनिसानं तिला होटगीला उतरवून रेल्वे पोलिसांकडे दिलं आणि पोलिसांनी आमच्याकडे. विणकरांच्या वस्तीतली, तेलुगू घरातली. वडील वारलेले. मराठी शाळेत जात होती, त्यामुळे बोलणं कळायला अडचण नव्हती. अडचण ऐकू येण्याची होती. ती कुजबुजायची. काहीही विचारा, ओठ हलायचे आणि नुसता वारा बाहेर यायचा. ऐकायचं असेल तर आपला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागायचा.

"गाडीत का चढलीस गं?"

"तिथं बोललं तरी चालतं," ती माझ्या कानात म्हणाली.

हे वाक्य मी डायरीत उतरवलं. अहवालाच्या छापील नमुन्यात त्याला रकाना नव्हता, म्हणून ते डायरीतच राहिलं. अहवालात गेलं ते असं: 'मुलगी भेदरलेली असून अत्यंत दबक्या आवाजात बोलते. घरातील वातावरणाचा परिणाम असावा.' लिहून झाल्यावर मी ते स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं. शिकलेल्या माणसानं लिहिल्यासारखं वाटत होतं.

मग घर बघायला गेलो. भर दुपार, उन्हानं रस्त्यावर चिटपाखरू नाही; मात्र प्रत्येक घरातून हातमागाची खटाखट चाललेली. एका घराची खटाखट संपते न संपते तोच पुढच्या घराची सुरू. मुलीचं घर गल्लीच्या टोकाला होतं आणि तेवढंच गप्प होतं. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी मांडीवर सूप घेऊन बसली होती. सुपात विड्या. ती मोहोळकडची, वस्तीतलं एकुलतं एक मराठी घर तिचं, हे मला पुढे कळलं.

"आजी, या समोरच्या बाई कशा आहेत?" मी सायकलवरून न उतरताच विचारलं.

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले आणि पुन्हा मान खाली घातली. मी पाच-दहा सेकंद थांबलो. ऊन डोक्यात शिरत होतं. 'शेजाऱ्यांचे मत' या रकान्यात मी त्या दिवशी लिहिलं: 'शेजारी बोलण्यास तयार नाहीत.' न बोलण्यामागे काहीतरी असणारच, असं त्यात न लिहिताही दिसत होतं. निदान मला दिसत होतं.

मुलीच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं. आत एकच खोली. एका बाजूला चूल आणि फडताळ, बाकी जागा मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेत एक माणूस डोक्यावरून चादर ओढून झोपलेला. घरधनी वारलेलं घर, बाई घरात नाही, आणि भर दुपारी या बुवानं ताणून दिलेली. चादरीतून बाहेर आली होती ती फक्त त्याची पावलं. ती निळी होती. अगदी घोट्यापर्यंत निळी.

आता कुणीही काय केलं असतं? खाकरलं असतं. "अहो पाव्हणे" म्हटलं असतं. मी काय केलं? मला वाटलं, झोपलेल्या माणसाला उठवणं बरं दिसत नाही. आमच्या घरचं वळण. मी चपला हातात घेतल्या, चवड्यांवर उलटा चालत बाहेर आलो आणि दार आलं तसं लोटून घेतलं. चोरसुद्धा इतका नीट बाहेर पडत नसेल.

पुढच्या आठवड्यात आई भेटावी म्हणून जेवणाच्या सुट्टीची वेळ साधून गेलो. ती विडीच्या कारखान्यात बसायची; दुपारी धावत घरी येऊन दोन घास खाऊन परत जायची. मला बघून ती ओट्यावरच आली आणि मला आत घेईना. ती माझ्याशी कुजबुजतच बोलत होती. बोलता बोलता सारखी मागे दाराकडे बघत होती. मी मान जरा वाकडी केली. आत त्याच जागी माणूस झोपलेला, तशीच डोक्यावरून चादर, पण पावलं निळी नव्हती. साधी, धुळकट पावलं. हा दुसराच होता.

"घरात कोण कोण राहतं?" मी विचारलं.

"मी आणि मुलगी. दोघीच, साहेब."

"दुसरं कुणी?"

"कुणी नाही, साहेब."

इथं एक सरळ प्रश्न होता: बाई, हा आत कोण झोपलाय? तो माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आला आणि मी लाजलो. लग्न न झालेला मुलगा मी, परक्या बाईला असलं कसं विचारणार? म्हणून विचारलं नाही. न विचारता मी कोर्टाला लिहून मात्र दिलं: 'दोन भेटींत दोन वेगवेगळे पुरुष घरात झोपलेले आढळले. विचारणा केली असता मुलीच्या आईने ते नाकारले. घरातील वातावरण मुलीच्या वाढीस योग्य नाही.'

कोर्टात न्यायाधीशसाहेबांनी तिला विचारलं, "तुमच्या घरी कुणी पुरुषमाणूस राहतो?" ती म्हणाली, "नाही." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. शेजारी बसलेल्या मानद सदस्य बाईंनीही बघितलं, जरा कौतुकानंच. मी नम्रपणे फायलीकडे बघितलं. मुलीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात ठेवायचा हुकूम झाला. आईला हुकमाची मराठी कळली नाही. कुणीतरी तेलुगूत सांगितलं तेव्हा ती खालीच बसली.

मुलीला न्यायला गाडी आली तेव्हा मी दारात होतो. ती माझ्यापाशी येऊन काहीतरी कुजबुजली. माझ्या हातात कागद होते, ड्रायव्हर घाई करत होता.

"मोठ्यानं बोल," मी म्हणालो.

ती वळली. गाडीत जाऊन बसली.

त्यानंतरच्या रविवारी, भेटीच्या वेळेला, आई रिमांड होमच्या फाटकाशी आली. मुलगी तिथं नाही हे तिला माहीत होतं. ती माझ्याकडे आली होती. बरोबर दोन माणसं. एकाचे डोळे तांबारलेले, दुसरा जरा बरा. दोघांनाही तिनं तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि दोघांनी चपला काढल्या. ओसरीच्या फरशीवर चार पावलं माझ्यासमोर उभी राहिली, दोन निळी, दोन साधी.

"हे बघा," ती म्हणाली. आज ती कुजबुजत नव्हती. "हा माझा भाऊ. गिरणीत रंगात काम करतो. हा माझ्या नवऱ्याचा भाऊ. गिरणीत साच्यावर, कापड विणतो. एक रातपाळी, एक दिवसपाळी. आठवडा झाला की बदलते."

माझ्या डोक्यात काहीतरी फिरायला लागलं, पण अजून पूर्ण फिरलं नव्हतं. मी म्हटलं, "पण तुम्ही तर म्हणालात, घरात कुणी राहत नाही."

"राहत नाही. राहतात त्यांच्या घरी. जेवण तिकडं, बायका-मुलं तिकडं. झोपतात फक्त माझ्याकडं." आणि मग लहान मुलाला समजवावं तसं, "त्यांच्या घरात माग आहे, साहेब. दिवसभर खटाखट. कसा झोपेल माणूस? माझा माग नवरा गेल्यावर विकला. माझ्या घरात आवाज नाही."

तेव्हा ती मोकळी जागा मला दिसली. दोनदा जाऊन जी बघितली होती, ती रिमांड होमच्या ओसरीत उभं राहून दिसली. मागाची जागा होती ती. जमिनीत मागाच्या खुंटांच्या खुणा होत्या. त्यांवरच अंथरूण होतं. अख्ख्या गल्लीत तेवढंच एक घर गप्प का, हा प्रश्न मला दोन्ही वेळेला पडायला हवा होता. मला ते गप्प घर संशयास्पद वाटलं.

बाकीचंही सगळं एका झटक्यात जागेवर बसलं. आई कुजबुजते कारण आत रातपाळीचा माणूस झोपलाय. मुलगी कुजबुजते कारण ती याच घरात वाढली. शाळा सुटली की घरात यायचं तर आवाज नाही करायचा, खेळायचं तर बाहेर, मैत्रिणी आणायच्या नाहीत, भांडं पडू द्यायचं नाही. तिला गाडीत बसावंसं वाटलं, कारण गाडीत कुणी 'हळू' म्हणत नाही. ते तिनं मला सांगितलंही होतं. माझ्या डायरीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

"मला उठवायचं ना, साहेब," मामा म्हणाला. त्याचे तांबारलेले डोळे मिटत होते. रातपाळी करून तो न झोपता आला होता. "मी उठलो असतो."

आता इथं मी तडक न्यायाधीशसाहेबांच्या बंगल्यावर गेलो, असं सांगता आलं तर मला फार बरं वाटेल. मी गेलो नाही. माझी नोकरी कायम करायचा प्रस्ताव त्याच महिन्यात पुण्याला गेला होता. अशा वेळी 'माझा अहवाल चुकला, मी पावलांवरून माणसं ओळखली' असं लिहून देणं म्हणजे स्वतःच्या पानात स्वतः माती कालवणं. मी आईला म्हणालो, "बघतो. कागदपत्रं करावी लागतील." तीन आठवडे मी कागदपत्रं केली. म्हणजे एक पुरवणी अहवाल लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. त्यात 'पुनर्विचारास वाव दिसतो' अशी वाक्यं होती, ज्यांचा अर्थ मलाही लागत नव्हता. त्या तीन आठवड्यांतल्या प्रत्येक रविवारी ती फाटकाशी येऊन बसायची. मी मागच्या दारानं जायला लागलो. मुलांना घर सोडून पळून जाऊ नये म्हणून समजावणारा माणूस आपल्याच कचेरीतून मागच्या दारानं पळत होता.

चौथ्या रविवारी मागच्या दारातही तीच बसलेली होती.

"साहेब, मुलगी तिथं रात्री कुणाजवळ झोपते?" तिनं एवढंच विचारलं.

मला माहीत नव्हतं. सोमवारी मी न्यायाधीशसाहेबांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

"तुम्ही त्या दोघांचे चेहरे पाहिले होते?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग दोन वेगवेगळे पुरुष कशावरून?"

"पायांवरून, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते हसतील असं मला वाटत होतं, किंबहुना हसावेत अशी माझी इच्छा होती. ते हसले नाहीत. "आणि बाईंना विचारलं नाहीत?"

"बरं दिसलं नसतं, सर."

"कोर्टात वाचलं ते बरं दिसलं," ते म्हणाले आणि पुढची तारीख दिली.

तारखेनंतर पुढची तारीख आली. मानद सदस्य बाई मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांचा एक मुद्दा काही केल्या सुटेना: "भाऊ काय, दीर काय, नऊ वर्षांची मुलगी वाढतेय त्या एका खोलीत पुरुष झोपतात हे तर खरं ना?" त्यांच्या डोक्यात ते मीच घातलं होतं, आणि घातलेलं काढणं काही माझ्या हातात नव्हतं. शेवटी हुकूम झाला: मुलगी आईकडे द्यावी, मात्र घरात कोणी पुरुष झोपणार नाही या अटीवर, आणि प्रोबेशन ऑफिसरनं दर महिन्याला दुपारी अचानक जाऊन खात्री करावी. मग हुकूम पोस्टानं गेला, तिकडून एक शंका आली, इकडून तिचं उत्तर गेलं. मी दर आठवड्याला पत्र टाकत होतो. पाच महिने असे झाले. मधल्या काळात माझा कायम झाल्याचा कागदही आला. कुणी काही विचारलंच नव्हतं.

मुलीला आणायला आई आणि मी एसटीनं गेलो. बालगृहाच्या दारात ती उभी होती. केस बारीक कापलेले, अंगात मापाला मोठा झगा. आई धावत गेली. मुलगी जागची हलली नाही, पण मोठ्यानं, खणखणीत मराठीत म्हणाली, "नमस्कार!" तिथं पाहुण्यांना असंच म्हणायला शिकवलं होतं. संस्थेच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "आली तेव्हा तोंडच उघडत नव्हती. किती सुधारलीय बघा." मीही मान हलवली.

येताना गाडीत आई तिच्याशी तेलुगूत बोलत होती. मुलगी मराठीत उत्तर देत होती, मोठ्या आवाजात, खिडकीबाहेर बघत. पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघत होती. मोहोळ आलं तेव्हा आईनं बोलायचं थांबवलं.

महिन्यानं मी हुकमाप्रमाणे दुपारी अचानक गेलो. गल्लीच्या तोंडाशी चिंचेखाली एक माणूस डोक्यावरून चादर घेऊन झोपला होता. दोन्ही बाजूंनी मागांची खटाखट, अंगावरून माश्या, शेजारून सायकली. निळी पावलं चादरीबाहेर. सायकल घेऊन मी त्याच्या बाजूनं गेलो तेव्हा तो जागाच होता की काय कोण जाणे. त्यानं पाय आत ओढून घेतले.

घराचं दार उघडं होतं. मागाची जागा रिकामी. मुलगी चुलीपाशी बसून वही वाचत होती, वर्गात उभी राहून वाचावी तशी घसा ताणून. आई दाराशी तांदूळ निवडत होती.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली आहे, साहेब." ती थोडा वेळ निवडत राहिली. "आधी काही सांगायचं असलं की इथं यायची." तिनं आपल्या कानापाशी हात नेला. "गळ्यात हात टाकायची, कानात सांगायची. आता तिथूनच सांगते."

मी भेटीच्या कागदावर लिहिलं: 'घरात कोणीही झोपलेले आढळले नाही. मुलगी मोकळेपणाने बोलते.' दोन्ही वाक्यं खरी होती. पुन्हा एकदा. सही करून मी बाहेर आलो.

समोरच्या ओट्यावर म्हातारी होती. मांडीवर सूप, सुपात विड्या, ओठ हलताहेत. या वेळी मी सायकल भिंतीला लावली आणि ओट्यावर बसलो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. एकेक विडी बोटानं सरकवत होती, तोंडानं आकडे चालले होते, पंचवीस झाल्या तशी तिनं जुडी उचलली, दोऱ्यानं बांधली, बाजूला ठेवली आणि मग म्हणाली, "बोल आता. काय इचारायचं हाय?"

"आजी, पहिल्यांदा आलो तेव्हा विचारलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत."

"मोजत हुते की. मदी बोललं तर इसरतंय, पुन्ना पयल्यापास्नं मोजाया लागतंय." तिनं पुढची जुडी घेतली. "तवाच सांगितलं असतं तुला. येक तिचा भाऊ, येक दीर. समद्या गल्लीला ठावं हाय."

"मग हाक मारायची की मला."

"मारली की. तू सायकल मारत पार गल्लीच्या तोंडाला पोचलावतास." तिनं माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे, बुटांकडे, खिशातल्या पेनाकडे बघितलं. आतून मुलीचा मोठा आवाज येत होता, धडा संपत आला होता. "पंचवीस विड्या मोजाया कितीसा येळ लागतोय रं? तेवढा बी दम न्हाय तुला, आन् म्हनं सायेब!"